लाल गालाचा भरवसा

शीतगृहात सगळे त्याला मेव्हणा म्हणायचे. खरं तर तो एकाच माणसाचा मेव्हणा होता, पण नाव एकदा पडलं की पडलं. त्याच्या निम्म्या वयाची पोरं 'ए मेव्हण्या, ती ढकलगाडी इकडे घे' म्हणायची, मॅनेजरसाहेब 'मेव्हण्याला पाठवा' म्हणायचे, आणि फाटकावरचा पहारेकरी, जो त्याच्या वडिलांच्या वयाचा होता, तोसुद्धा सकाळी 'या मेव्हणे' म्हणूनच दार उघडायचा. सुरुवातीला त्याने नाक मुरडून पाहिलं. मग सोडून दिलं.

ज्यांच्यामुळे हे नाव चिकटलं ते त्याचे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान, त्याच शीतगृहात होते. त्यांनीच त्याला तिथे लावला होता. त्यांना सगळे थंडोबा म्हणायचे, आणि ते काही तिथल्या गारठ्यामुळे नव्हे. माणूसच तसा. एकदा गोठवलेल्या मटारच्या खोक्यांची आख्खी थप्पी त्यांच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर, धाडदिशी कोसळली. बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भावोजींनी सावकाश मान वळवली, ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पडली वाटतं." झालं! एवढंच. पुढे कित्येक महिने कुणाचं काही पडलं, मोडलं, लग्न फिसकटलं, की पोरं एकमेकांना म्हणायची, "पडली वाटतं."

घरातही हेच. ताई बिचारी बोलून बोलून थकायची. "अहो, भिंतीशी बोलले असते तर निदान आवाज तरी घुमला असता," म्हणायची. भावोजी म्हणायचे, "बरं." पोटी मूलबाळ नव्हतं. मेव्हण्याचं लग्न जमता जमता राहिलं ते राहिलंच, म्हणून मागच्या खोलीत तो. अशी घरात तीन माणसं, आणि त्यातल्या दोघांचं बोलणं ताईच करायची.

आता त्या शीतगृहाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. जाड दाराच्या आत लांबलचक खोल्या, छतापर्यंत खोकी, आणि वरून पंख्यांचा झोत. तो झोत तोंडावर घेत काम करायचं. अंगात गोधडीसारखा जाड कोट, हातात दोन-दोन हातमोजे, कानटोपी, डोळ्यांना चष्मा, सगळं असतं. पण तोंड उघडंच राहतं, कारण तोंड झाकलं की श्वासाने चष्मा धुरकटतो आणि पुढचं दिसत नाही. थोड्या वेळाने गाल बधिर होतात. सगळ्यांचेच होतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही. भीती असते ती त्याच्या पुढची. कातडी पांढरी पडायला लागली की समजायचं, रक्त आटलं, आता मांस मरणार. आणि खुबी अशी, की ज्याचं नाक पांढरं पडतं त्याला ते कळतच नाही. बधिर झालेलं असतं ना!

म्हणून तिथला नियम असा, की आत एकट्याने जायचं नाही. जोडीने जायचं, आणि येता-जाता जोडीदाराच्या तोंडाकडे बघायचं. पांढरा ठिपका दिसला की म्हणायचं, "बाहेर." मग वाद नाही. हातातलं खोकं जिथल्या तिथे ठेवून निघायचं. मॅनेजरसाहेब आत आले आणि एखाद्या हमालाने त्यांना 'बाहेर' म्हटलं, तर साहेबसुद्धा मुकाट्याने निघायचे. बाहेर आलं की ऊबदार तळवा गालावर धरायचा, चहा घ्यायचा, आणि गाल लाल होईपर्यंत थांबायचं. लाल झाला की 'गाल आला' म्हणायचं आणि परत आत. पांढरं वाईट, लाल बरं, हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि मग माणूस जन्मात विसरत नाही.

भावोजी आणि मेव्हणा कित्येक वर्षं जोडीदार होते. भावोजी कडक. मेव्हण्याच्या नाकाच्या शेंड्यावर पांढरं आल्याचा नुसता संशय आला तरी "बाहेर." मेव्हणा मात्र मऊ. त्याची जीभच उचलायची नाही. "हे एवढं लावून टाकू, मग निघू," असं म्हणायचा. कुणाला नाही म्हणणं, कुणाला थांबवणं, कुणाचं काही काढून घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. लहानपणी गोट्या जिंकल्या तरी परत द्यायचा, असं ताई सांगते.

भावोजींना साखरेचा आजार बऱ्याच वर्षांचा. गोळ्या घ्यायचे, म्हणजे आठवलं तर घ्यायचे. त्या हंगामात त्यांना खोकल्याने धरलं, दम लागायला लागला. दवाखान्यातून जोरदार गोळ्या मिळाल्या. दम असा पळाला, की भावोजींनी ते पाकीट संपल्यावर औषधाच्या दुकानातून स्वतःच दुसरं आणलं, मग तिसरं. त्या गोळ्यांनी साखर भडकते, हे कुणी त्यांना सांगितलं असेलही, पण भावोजी 'बरं' म्हणाले असतील. मग तहान लागायला लागली. तांबे-तांबे पाणी प्यायचे. कोट अंगावर सैल झाला. ताई म्हणाली, "वाळत चाललायत तुम्ही." ते म्हणाले, "बरंय की. कोट घालायला सोपा जातो."

मग एका बाजूचं नाक चोंदलं. शीतगृहात कुणाचं चोंदत नाही? मग त्याच बाजूचा गाल बधिर. तो तर रोजचाच. फक्त, चहा पिऊन झाला तरी तो गाल येईना. एकदा भावोजी बाहेर बाकावर बसून म्हणाले, "हा आज उशीर लावतोय."

"वय झालं त्याचं," मेव्हणा म्हणाला. "सावकाशच येणार. तुम्ही कुठे धावत येता?"

भावोजी गालातल्या गालात हसले, म्हणजे एकाच गालात. दुसरा हललाच नाही. मेव्हण्याने ते पाहिलं, आणि त्याला हसू आलं.

पुढे तो गाल लाल झाला. डोळ्याची पापणी फुगली, तीही लाल. आणि इथेच सगळी गोची झाली. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं, एखाद्या शिंप्याने, एखाद्या मास्तरने, तर म्हटलं असतं, अहो डोळा सुजलाय, दाखवा कुठेतरी. मेव्हण्याने पाहिलं ते शीतगृहातल्या डोळ्यांनी. तो पांढरं शोधत होता. पांढरं कुठेच नव्हतं. "लाल आहात, चला," असं तो म्हणायचा आणि दोघं आत जायचे. दिवसातून कितीदा तरी त्याने ते तोंड निरखून बघितलं, अगदी डोळ्यात तेल घालून बघितलं, आणि प्रत्येक वेळी म्हणाला, चला. पोरांनीही टिंगल केली, "थंडोबाला या वयात लाली चढली!" म्हणून. 

कळलं ते ताईला. सुट्टीची सकाळ होती, तिघं स्वयंपाकघरात बसले होते. भावोजी किटली घेऊन चहा ओतायला लागले आणि तो सरळ टेबलावर ओतला.

"अहो! काय करताय?"

"दोन कप दिसतायत," भावोजी म्हणाले. "कुठल्यात ओतू?"

मेव्हणा फस्सकन हसला. ताई हसली नाही. तिने नवऱ्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. पापणी अर्धी मिटलेली, बुबुळ किंचित पुढे आलेलं, आणि ते दुसऱ्याबरोबर वळतच नव्हतं. नाकपुडीशी काळपट काहीतरी सुकलेलं.  तिने किटली काढून घेतली, गॅस बंद केला, आणि भावाला म्हणाली, "रिक्षा आण."

मोठ्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टरबाई होत्या. बारीक अंगाच्या, घाईत असल्यासारख्या, पण बोलताना समोर खुर्ची ओढून बसायच्या. त्यांनी कापसाची पीळदार वात केली आणि भावोजींच्या गालावरून फिरवली.

"कळतंय?"

"नाही."

"कधीपासून?"

भावोजींच्या आधी मेव्हणाच बोलला. "बाई, आमच्याकडे सगळ्यांचेच गाल बधिर असतात. शीतगृह आहे ना."

"बाहेर आल्यावरही बधिर असतात?"



मग नाकाच्या डॉक्टरांनी बारीक दुर्बीण आत घातली. आत काळं होतं. त्यातला तुकडा काढून तपासायला गेला आणि संध्याकाळच्या आत उत्तर आलं. बुरशी. डॉक्टरबाईंनी तिघांना बसवून सांगितलं. ही बुरशी हवेत असते, मातीत असते, ओल्या पुठ्ठ्यावर, सडक्या फळावर असते. आपण सगळेच रोज हुंगतो आणि काही होत नाही. पण साखर भडकलेली असली, त्यात तसल्या गोळ्यांनी अंगातली ताकद कमी झालेली असली, की ती नाकात मूळ धरते. तिथून डोळ्याच्या खोबणीत जाते. रक्ताच्या नळ्यांतच शिरते, त्या बुजवते, आणि पुढचं मांस उपाशी मरतं. मेलं की काळं पडतं. खोबणीच्या मागचं हाड पातळ असतं, त्याच्या पलीकडे मेंदू.

"पण लाल होता," मेव्हणा म्हणाला. "बाई, मी रोज बघत होतो. पांढरं काहीच नव्हतं. लालच होता."

"ती सूज होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. रागाने म्हणाल्या नाहीत. पुढे भावोजींकडे वळून त्यांनी साखरेचं, सलाईनचं, ऑपरेशनचं सांगायला सुरुवात केली, आणि मेव्हण्याला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

बाहेर व्हरांड्यात ताई त्याला एवढंच म्हणाली, "तुझं कामच ते होतं."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. समोर असला तरी भावोजींना सांगायची, "त्याला म्हणावं डबा खाऊन घे." भावोजींच्या नाकात नळी, हातात सुई, त्यांनी काय म्हणावं? ते नुसते मेव्हण्याकडे बघायचे, चांगल्या डोळ्याने, आणि मेव्हणा डबा खायचा. चव कळायची नाही. गार आहे की गरम तेही कळायचं नाही.

पहिलं ऑपरेशन नाकातून झालं. मेलेलं सगळं खरवडून काढलं. डोळा ठेवला. मग सलाईनमधून ते औषध सुरू झालं, आणि काय सांगायचं, त्या औषधाने भावोजींना हुडहुडी भरली! दात वाजायला लागले, खाट हलायला लागली. इतकी वर्षं हा माणूस त्या गारठ्यात उभा राहिला, कधी कुडकुडला नाही, आणि इथे दोन-दोन घोंगड्यांखाली लटलट कापत होता. नर्स म्हणाली, औषधाने होतं असं, उतरेल. मेव्हणा त्यांचे पाय धरून बसायचा. काही वाटायचं नाही त्याला. वाटायला हवं, असं मात्र वाटायचं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचे नातेवाईक रडायचे, ते बघून त्याला त्यांचा हेवा वाटायचा.

साखर ताळ्यावर आली. भावोजी नीट शुद्धीवर होते, बोलत होते, म्हणजे 'बरं' म्हणत होते. सगळ्यांना वाटलं, सुटलो. मग पुन्हा फोटो काढला, तो मशीनच्या बोगद्यात घालून काढतात तसला, आणि डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. त्या खुर्ची ओढून बसल्या की बातमी वाईट, एवढं मेव्हण्याला कळायला लागलं होतं.

"पसरतंय," त्या म्हणाल्या. "औषध तिथवर पोचत नाही, कारण तिथे रक्तच पोचत नाही. डोळा, त्याच्या मागचं सगळं, पापण्यांसकट, खोबण पूर्ण रिकामी करावी लागेल. लवकर. दुपारी ऑपरेशनचं टेबल मिळतंय."

ताईने तोंडाला पदर लावला. भावोजी छताकडे बघत होते.

"त्या डोळ्याने काही दिसतं का अजून?" मेव्हण्याने विचारलं.

डॉक्टरबाईंनी चांगला डोळा हाताने झाकला. "खिडकी कुठे आहे सांगा."

भावोजींनी बोट केलं. बरोबर खिडकीकडे.

"म्हणजे दिसतंय की!" ताई म्हणाली.

"उजेड कळतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेवढंच. त्यापुढे परत येणार नाही. कदाचित तेही जाईल." मग भावोजींना म्हणाल्या, "तुम्हाला सगळं समजतंय. निर्णय तुमचा आहे. काय करायचं?"

 खाटेखालून एक बाई फरशी पुसत गेली. तिने सांगितलं म्हणून मेव्हण्याने पाय उचलले.

"त्याला विचारा," भावोजी म्हणाले, आणि मेव्हण्याकडे बोट केलं.

"ते तुमचे कोण?"

"जोडीदार."

डॉक्टरबाईंना काही उलगडा होईना. ताईने डोळे पुसत सांगितलं, की माझा भाऊ हा, कामावर दोघं जोडीने असतात. भावोजी म्हणाले, "आमच्याकडे तसंच आहे, बाई. स्वतःचं तोंड स्वतःला दिसत नाही. जोडीदार बघतो आणि सांगतो. तो म्हणेल ते."

"अहो, असं कसं?" मेव्हणा म्हणाला.  "तुमचा डोळा आहे तो. मला कशाला? ताई, तू सांग."

"मी नाही," ताई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी सरळ बोलली. "मला माहीत आहे मी काय सांगेन. ते ऐकू नका तुम्ही कुणी. मी बायको आहे."

मेव्हण्याला थोडा वेळ दिला. तो व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. खाली गाड्या लावायची जागा होती, एकजण मागे मागे घेत गाडी लावत होता, दुसरा हातवारे करत होता, 'येऊ द्या, येऊ द्या.' मेव्हण्याने ते सगळं बघितलं, गाडी नीट लागेपर्यंत बघितलं. मनात काही येईना. एवढंच येत होतं, की माणसाने खिडकी बरोबर दाखवली. ज्या डोळ्याला खिडकी कळते तो काढायचा? तो असा जन्मभर मऊ राहिला, चार माणसांत कधी कुणाला हटकलं नाही, आणि पहिल्यांदा कुणाचं काही हिरावून घ्यायचं, तर ते हे! 'राहू द्या, औषधावर बघू' हे शब्द त्याच्या ओठांवर तयारच होते. ते म्हणणं किती सोपं होतं. ताईलाही बरं वाटलं असतं.

तो परत आला. खाटेशी वाकून त्याने भावोजींच्या तोंडाकडे बघितलं. नेहमीसारखं भरभर नव्हे. कपाळ, भुवई, फुगलेली पापणी, नाकाची कड. गालाच्या वरच्या कोपऱ्यात कातडीचा रंग उतरायला लागला होता. पांढरा नव्हे, काळा नव्हे, राखेचा. आतलं रक्त गेलं होतं. हे त्याला कळत होतं. आजवर जे शिकला त्यातलं एवढंच त्याला खात्रीने कळत होतं.

"डोळा ठेवला तर?" त्याने डॉक्टरबाईंना विचारलं.

"बहुतेक माणूस राहणार नाही."

"काढला तर?"

"तरी मी शब्द देत नाही. पण वाट राहते."

"काढा," मेव्हणा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. ताईने खाटेची दांडी धरली. भावोजी त्याच्याकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, "बरं." आणि सहीसाठी हात पुढे केला.

ऑपरेशन झालं. भावोजी जगतात की नाही हे बरेच दिवस कुणी छातीठोकपणे सांगेना. मूत्रपिंडं रुसली, औषध थांबवलं, पुन्हा सुरू केलं. ताईचा जीव टांगणीला. मेव्हण्याचं विचाराल तर तो नेमाने यायचा, बसायचा, जायचा. झोप यायची, भूक लागायची. कुणी विचारलं 'कसे आहेत?' तर म्हणायचा, 'आहेत.' पहारेकरी एकदा फाटकाशी त्याचा खांदा दाबून म्हणाला, "रडून घे रे." मेव्हणा म्हणाला, "हो, घेतो." जसं काही जेवूनच घ्यायचं होतं.

शीतगृहात त्याला नवा जोडीदार मिळाला. पहिल्याच दिवशी त्या माणसाचा गाल लाल झालेला बघून मेव्हणा ओरडला, "बाहेर!" तो बिचारा गोंधळला. "अहो लाल आहे, बराय की." "बाहेर म्हटलं ना!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लाल दिसला की बाहेर. पोरं आधी हसली, मग कुजबुजली, मग गप्प झाली. काम अडायला लागलं. मॅनेजरसाहेबांनी त्याला बोलावून, समजुतीच्या सुरात, बाहेर माल चढवायच्या फलाटावर घातलं. तिथे ऊन असायचं. कुणाच्या तोंडाकडे बघावं लागायचं नाही.

शेवटी भावोजी घरी आले. डोळ्याच्या जागी पट्टी, पट्टीखाली खोबण. ती रोज धुवायची, नवी जाळीदार पट्टी भरायची. नर्सने ताईला शिकवायला घेतलं, पण ताईने एकदा आत बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली. मग ते मेव्हण्याकडे आलं. नर्सने सांगितलं, आत ओलसर लाल दिसायला हवं. लाल म्हणजे नवं मांस धरतंय. पांढरट किंवा काळं काही दिसलं तर तडक या. मेव्हण्याने मान डोलावली. नशिबाची थट्टा बघा, ज्या रंगाने त्याला फसवलं त्याच्यावरच पुन्हा भरवसा टाकायला सांगत होते!

त्याला तो टाकता येईना. रोज विजेरी घेऊन बघायचा, लालच असायचं, आणि तरी चार दिवसांनी भावोजींना रिक्षात घालून हॉस्पिटलात न्यायचा. डॉक्टरबाई बघायच्या, म्हणायच्या, "छान आहे." पुढच्या आठवड्यात हा परत हजर. एकदा तर त्या चहा पीत होत्या, कप तसाच ठेवून उठल्या, बघितलं, "छान आहे" म्हणाल्या आणि परत चहा प्यायला बसल्या. भावोजी प्रत्येक वेळी काही न बोलता रिक्षात बसायचे आणि उतरायचे. पट्टी करताना दोघं इतके जवळ असायचे, की एकमेकांचा श्वास लागायचा, आणि बोलणं एका शब्दाचं नाही. पूर्वीही नसायचंच म्हणा. पण पूर्वीचं गप्प असणं वेगळं होतं, हे मेव्हण्याला कळत होतं. काहीतरी होतं त्या माणसाच्या मनात, आणि ते विचारायची त्याला हिंमत नव्हती.

मग पुन्हा एकदा त्या बोगद्यातला फोटो काढायचा दिवस आला. डॉक्टरबाईंनी फोटो उजेडावर धरला, बराच वेळ बघितला, आणि या वेळी खुर्ची ओढली नाही. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "स्वच्छ आहे. कुठेही काही नाही. गोळ्या चालू ठेवा, साखर सांभाळा, आणि आता दर आठवड्याला येऊ नका." ताई तिथेच रडायला लागली, मोठमोठ्याने, अगदी लाज सोडून. रडता रडता तिने भावाच्या पाठीत एक गुद्दा घातला. "मेल्या," म्हणाली, "वाळून काटकी झालायस." तेवढंच. पण ते त्याला म्हणाली, भावोजींमार्फत नव्हे.

दुपारी घरी मेव्हणा पट्टी करायला बसला. भावोजी खिडकीशी स्टुलावर. स्वयंपाकघरात ताईची भांडी वाजत होती. त्याने जुनी पट्टी काढली, खोबण धुतली. आज पहिल्यांदाच त्याने विजेरी घेतली नाही.

"मला वाटलं होतं तू नाही म्हणशील," भावोजी म्हणाले.

मेव्हण्याचा हात थांबला. "कशाला?"

"काढायला. तुझी जीभ उचलत नाही ना. इतकी वर्षं बघतोय मी. म्हटलं हा 'राहू द्या' म्हणेल." भावोजी खिडकीबाहेर बघत होते. "म्हणून तर तुझ्यावर टाकलं."

मेव्हण्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. तो जमिनीवर बसला, हातात ओल्या कापसाचा बोळा तसाच.

"म्हणजे तुम्हाला ठेवायचा होता?"

"हो."

"मग तसं म्हणायचं ना! डॉक्टरबाई तुम्हालाच विचारत होत्या."

"कसं म्हणणार? तुझी ताई उभी होती. मला मरायचंय असं तिच्या तोंडावर म्हणू?" भावोजींचा आवाज चढला. मेव्हण्याने तो चढलेला कधी ऐकला नव्हता. "असं तोंड घेऊन जगायचं नव्हतं मला. आख्खं तोंड घेऊन जायचं होतं. तू काढा म्हणालास. माझा राग आहे तुझ्यावर. त्या दिवसापासून आहे. रोज इथे बसतोस, माझं तोंड धुतोस, आणि मला रोज वाटतं तुझ्या मुस्कटात मारावी."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

 मेव्हण्याला रडू फुटलं होतं, नाकातून, तोंडातून, कुठून कुठून. तो बाहीने पुसत होता आणि ते थांबत नव्हतं. भावोजी त्याच्याकडे बघत राहिले. मग मेव्हण्याने नाक ओढत विचारलं, "अजून आहे राग?"

"आहे की."

"किती दिवस राहील?"

भावोजींनी विचार केला. मग पट्टी भरून घ्यायला त्यांनी तोंड त्याच्यापुढे केलं.

"काय माहीत," ते म्हणाले. "वेळ आहे आता."